लाल म्हणजे लाल

आमच्या गल्लीत रक्ताचं कुणाला अप्रूप नाही. गल्लीच्या टोकाला कत्तलखान्याचं मागचं दार आणि दारासमोर माझं धार लावायचं दुकान. सुऱ्या, सत्तूर, कातडं सोलायच्या वाकड्या पात्या, सगळं माझ्या चाकावरून जातं. माझा थोरला भाऊ आत जनावरं कापतो. मी त्याला दादा म्हणते आणि अख्खी गल्लीही दादाच म्हणते, कारण त्याच्या हाताखाली काम शिकला नाही असा माणूस इथे शोधून सापडायचा नाही. तो एका घावात काम संपवतो. जनावर तडफडलं तर दिवसभर त्याला जेवण गोड लागत नाही.

दादाला दोन मुली. वहिनी धाकटीच्या बाळंतपणात गेली, तेव्हापासून दोघींना मीच वाढवलं. धाकटी बारकी, अजून शाळेतही जात नाही. थोरली नववीत. तिला आम्ही ठिणगी म्हणतो, आणि का म्हणतो ते तिच्याशी दोन मिनिटं बोललं की कळतं. दादानं पोटाला चिमटा घेऊन तिला मोठ्या शाळेत घातलं. आपली पोरगी या गल्लीतून बाहेर पडावी, एवढं एकच स्वप्न त्या माणसानं पाहिलं.

पण पोरगी गल्लीतून केव्हाच बाहेर पडली होती. शाळेत तिनं सांगून ठेवलं होतं की वडील शीतगृहाचे मॅनेजर आहेत. पालकसभेला तिनं बापाला न सांगता मलाच नेलं, आणि वर्गशिक्षिकेनं जेव्हा मला विचारलं की शीतगृहात फळं किती महिने टिकतात, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरी येऊन मी तिला असं फैलावर घेतलं की काही विचारू नका. ती रडली आणि एवढंच म्हणाली, "आत्या, बाबांना कळू देऊ नकोस." मी कशाला कळू देते? दादानं उपास काढले, बायको गमावली, तरी तो मोडला नाही. पण लेकीला आपली लाज वाटते हे त्याच्या कानावर गेलं असतं, तर तो माणूस उभ्याचा आडवा झाला असता. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी गप्प बसले.

त्या वर्षी शाळेत पर्यावरण शिकवायला नवे सर आले. गळ्यात कायम भिंग अडकवलेलं असायचं, म्हणून पोरं त्यांना भिंगसर म्हणायची. माणूस उत्साही, जरा अतिच. पहिल्याच तासाला त्यांनी मुलांना डबे उघडायला लावले आणि विचारलं, हे तुम्ही खाल्लं नाहीत तर कोण खाईल, आणि त्याला कोण खाईल? ठिणगी घरी आली ती तेच बडबडत. एकाचं उष्टं ते दुसऱ्याचं ताट, जगात वाया काही जात नाही, वगैरे. मग खिडकीतून तिनं मागच्या दाराजवळचा आतड्यांचा ढीग पाहिला. घारी, कावळे, उंदीर, कुत्री, सगळी पंगत बसली होती. "आत्या, अख्खा धडा आपल्या दारातच आहे की," ती म्हणाली. त्या ढिगाकडे तिनं नाक न मुरडता बघितलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला त्या भिंगवाल्याचं कौतुक वाटलं.

मग सरांनी एक नवीनच टूम काढली. गावात भटकी कुत्री किती, हे मोजायचं. मी म्हटलं, त्यात काय, एक दोन तीन करत जायचं. तर ठिणगीनं माझा खिळ्यांचा डबा ओढला. मुठी बसवायचे खिळे त्यात. मूठभर काढले, खडूनं रंगवले, परत टाकून डबा खळखळ हलवला. पुन्हा मूठभर काढले आणि म्हणाली, आता यात रंगवलेले किती आले ते बघ. थोडे आले तर डब्यात खिळे खूप आहेत, बरेच आले तर कमी आहेत. पूर्ण डबा न मोजता अंदाज येतो. कुत्र्यांचंही तसंच करायचं. पाव टाकायचा, कुत्रं खायला लागलं की लांब काठीला बांधलेल्या रंगकांडीनं त्याच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या मांडीच्या वर, रेघ ओढायची. तीन दिवसांनी पुन्हा फिरायचं आणि दिसणाऱ्यांत रेघवाली किती ते बघायचं. मी म्हटलं, एवढं मोजून करायचंय काय? ती म्हणाली, सर म्हणतात की कुत्री किती राहणार हे कुत्री ठरवत नाहीत, ढीग ठरवतो. ढीग तसाच ठेवून कुत्री हटवली तर दुसरी येतात, किंवा उंदीर माजतात. आधी मोजल्याशिवाय हे सिद्ध कसं करणार?

आता रंगाची गोष्ट सांगते, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. कत्तलखान्यात जनावर आत येण्याआधी जनावरांचा डॉक्टर त्याला तपासतो. निरोगी असेल तर पाठीवर निळी रेघ. रोगट असेल तर पुठ्ठ्यावर लाल. लाल रेघेचं जनावर कापायचं नाही, त्याचं रक्त सांडायचं नाही. मागच्या अंगणात नेऊन हातोड्यानं डोक्यात घाव घालायचा आणि खड्ड्यात जाळायचं. त्यावर प्रश्न विचारायचा नाही. माझ्या नवऱ्यानं एक मेंढी सोलली होती. तिच्यावरची लाल रेघ दलालानं घासून पुसलेली. नवऱ्याच्या बोटाला छोटीशी चीर होती, तिथे काळा फोड आला आणि आठवडा उलटायच्या आत मी विधवा झाले. त्या दिवसापासून गल्लीत म्हण पडली, लाल म्हणजे लाल. इथे तान्ह्या पोरालाही ते कळतं.

शनिवारी शाळेची पोरं कुत्री रंगवायला निघाली. सरांनी गट पाडले. भाजीबाजाराला निळी कांडी, कत्तलखान्याच्या बाजूला लाल, म्हणजे कुठलं कुत्रं कुठून कुठे जातं तेही कळावं. कांड्या जनावरांच्या औषधांच्या दुकानातून आणलेल्या, डॉक्टर वापरतो त्याच. ठिणगी भाजीबाजाराच्या गटात शिरली. शनिवारी दुपारी मी बाजारपेठेत चाकाचा पट्टा बदलायला गेले होते आणि आतली माणसं कामात होती, त्यामुळे आमच्या दारात पोरं आली, पाव टाकून गेली, हे कुणी धड पाहिलंसुद्धा नाही, आणि मी परतले तेव्हा अंधार पडला होता.

रविवारी कत्तलखाना बंद असतो. सकाळी बारकी पायरीवर बसून बाहुलीची वेणी घालत होती. कुठून तरी एक काळं कुत्रं आलं, तोंडातून लाळ गळत होती, आणि त्यानं तिच्या गालाचाच लचका तोडला. किंकाळी ऐकून ठिणगी आधी धावली. तिनं वरवंटा उचलून फेकला तेव्हा ते सुटलं आणि नाल्याच्या बाजूला पळालं. दादा अंघोळीवरून तसाच, ओल्या कपड्यांनिशी पोरीला उचलून दवाखान्यात धावला, मी मागे. डॉक्टरांनी जखम साबणानं धुधू धुतली, जखमेच्या कडेनं सुया टोचल्या. चार जणांनी धरलं होतं तिला. दादा हजारो जनावरांचा जीव घेतलेला माणूस, पण भिंतीकडे तोंड करून उभा होता. वेळेवर आणलंत, सगळ्या सुया घेतल्या तर धोका नाही, असं डॉक्टर म्हणाले. शेजारणीला बारकीजवळ बसवून आम्ही कपडे आणायला घरी निघालो.

गल्लीच्या तोंडाशी एक तांबूस कुत्रं उन्हात पसरलं होतं. त्याच्या पुठ्ठ्यावर लाल रेघ. पुढे आणखी एक. ढिगाजवळ तर बरीच. दादा जागच्या जागी थांबला. मीही पाहिलं. तोच लाल, तीच जागा, तीच बोटभर रुंद रेघ. नवऱ्याचं काळं पडलेलं बोट डोळ्यांपुढे आलं.

"जनावरांच्या डॉक्टरनं खूण करून ठेवली होती," दादा म्हणाला. "आणि आपण पोरीला दारात बसवलं."

पुढे कुणाला बोलवावं लागलं नाही. माणसं घराघरांतून बाहेर आली. कुणी हातोडा आणला, कुणी मांस ओढायचा आकडा, कुणी दाराचा लोखंडी गज. डॉक्टरला विचारू असं एकाच्याही तोंडून निघालं नाही, कारण लाल रेघेबद्दल विचारायचं नसतं.

त्या कुत्र्यांना पळायचं सुचलं नाही. याच हातांनी त्यांना रोज आतडी टाकली होती. माणसं जवळ आली तशी ती शेपट्या हलवत उठली. पहिल्याला दादानं कपाळाच्या मध्ये घाव घातला आणि ते आवाज न करता बसलं. पण सगळ्यांचा हात दादासारखा नाही. एकाचा घाव कंबरेवर बसला आणि ते कुत्रं पुढच्या दोन पायांवर मागचं धड ओढत माझ्या दुकानाच्या पायरीपर्यंत आलं. तिथे त्याला आकड्यानं मागे खेचलं. एक पिंपांच्या मागे शिरलं, त्याला गजानं भोसकून भोसकून बाहेर काढलं. माणसं शिव्या देत होती, कुत्र्यांचं केकाटणं भिंतींवर आपटत होतं. रक्त दिसू नये म्हणून कुणीतरी चुना टाकायला लागलं, तो पायाखाली गुलाबी चिखल झाला. रक्तात जन्म गेला माझा, पण मला ते बघवेना. कापणं वेगळं आणि हे वेगळं.

ठिणगी घरातून धावत आली ती ओरडतच. ती खूण शाळेची आहे, डॉक्टरची नाही, चावलं ते काळं होतं, त्याच्यावर रेघच नव्हती. घसा फाटेपर्यंत ती हेच सांगत होती. एक जण म्हणाला, पोर भेदरलीय, हिला आत न्या. दादानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी तिला धरायला गेले तर हाताला हिसडा देऊन ती पाण्याच्या टाकीकडे पळाली.

टाकीखाली कानतुटी राहायची. कान तुटलेली कुत्री, नुकतीच व्यायलेली. तिच्याही पुठ्ठ्यावर लाल रेघ होती. पिल्लं पोटाशी घेऊन ती गुरगुरत बसली होती आणि दादा गज उचलून तिच्यापुढे उभा होता. त्याला त्या क्षणी लाल रेघेशिवाय काही दिसत नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. गज खाली येत असताना ठिणगी मध्ये घुसली आणि तिनं हात वर केला.

हाड मोडल्याचा आवाज मी रोज ऐकते. हा तोच आवाज होता. तिचा हात मनगटाच्या वर भलत्याच जागी वाकला. ती किंचाळलीही नाही, नुसती बसली. दादानं गज टाकला, तिला दोन्ही हातांवर उचललं आणि दवाखान्याकडे पळत सुटला. एका सकाळी दुसऱ्यांदा. तो वळला तसा मागून एकानं कानतुटीला आकडा घातला आणि टाकीच्या खांबावर आपटून आपटून संपवली. पिल्लांवर खूण नव्हती, म्हणून त्यांना कुणी हात लावला नाही. आमच्याकडे नियम म्हणजे नियम.

दवाखान्यात ठिणगीच्या हाताला प्लास्टर घातलं. दादा खाटेजवळ खाली जमिनीवर बसला होता. त्यानं विचारलं की ही खूण शाळेची, तर मग तुला लाल ठाऊक असताना तू सांगितलं कसं नाहीस? ती प्लास्टरकडे बघत म्हणाली, "सांगितलं होतं. सर म्हणाले, रंग तो रंग." दादानं मान हलवली. त्याच्या कपाळाची शीर ताठ झालेली मला दिसली. मीही त्या भिंगवाल्याच्या नावानं बोटं मोडली. शिकलेल्या माणसाला पोरीचं एवढं साधं सांगणं ऐकता येऊ नये, याचा मला भयंकर राग आला होता.

मंगळवारी दुसरी मोजणी होती. ठिणगी शाळेत गेली नव्हती, गळ्यात हात अडकवून माझ्या दुकानात बसली होती. गल्लीत भर दिवसा उंदीर फिरत होते. ढीग तसाच होता, आणि त्याच्याभोवती कधी न पाहिलेली, हाडकुळी, दात दाखवणारी नवी कुत्री आली होती. तेवढ्यात वर्ग आला. पुढे भिंगसर, मागे गणवेशातली पोरं. त्यांना पाहताच ठिणगी चाकामागे पोत्यांत शिरली. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनी माझ्या पाया पडली.

बाहेर सर बुचकळ्यात पडले होते. एकावरही लाल रेघ नाही, मग आपली कुत्री गेली कुठे, असं ते पोरांना विचारत होते, आणि खरं सांगायचं तर त्यांना मजाच वाटत होती. कोडं पडलं की मास्तर लोकांना बरं वाटतं. त्याच वेळी कत्तलखान्याची मधली सुट्टी झाली आणि मागच्या दारातून दादा बाहेर आला. अंगात रबरी एप्रन, हात कोपरापर्यंत लाल. मागून त्याची माणसं.

दादानं सरांना नावही विचारलं नाही. भिंग पाहिलं आणि ओळखलं. गळ्यातल्या दोरीला धरून जवळ ओढलं आणि नाकावर ठोसा मारला. सर खाली पडले. दादानं उठवलं आणि पुन्हा मारलं. "माझ्या पोरीनं सांगितलं होतं तुला," तो म्हणत होता. "लाल नको म्हणून सांगितलं होतं." सरांच्या नाकातोंडातून रक्त वाहत होतं, चष्मा पायाखाली चुरडला होता. कोण पोरगी, मला कुणी काही सांगितलं नाही, एवढंच ते बोलू शकत होते, आणि ते खोटं वाटून दादा आणखी पेटत होता. पोरं रडत भिंतीला चिकटली होती. मी मध्ये पडले तर मला कुणीतरी बाजूला लोटलं. दादाच्या माणसांनी गोल केला. त्यांतल्या दोघांच्या हातात आकडे होते, आणि रविवारचा चुना अजून रस्त्यावर होता. आज हे लोक माणूस मारणार, हे मला स्वच्छ दिसलं.

ठिणगी पोत्यांतून उठली आणि बाहेर गेली. सगळ्या वर्गानं तिला पाहिलं. तिनं चांगल्या हातानं बापाचा एप्रन धरला.

"बाबा, सोडा त्यांना. मी सांगितलंच नव्हतं."

दादाचा हात वरच राहिला. तो म्हणाला, घाबरू नकोस, मी आहे.

"नव्हतं सांगितलं. सरांनी विचारलं होतं की या गल्लीची माहिती कुणाला आहे. मी हात वर केला नाही. लालचं सांगितलं असतं तर तुला कसं ठाऊक म्हणाले असते. मग तुम्ही काय करता ते कळलं असतं सगळ्यांना."

दादानं सरांची दोरी सोडली. सर भिंतीला टेकून खाली बसले, आणि दोन मुली धीर करून रुमाल घेऊन त्यांच्याकडे गेल्या. आकडेवाल्यांनी आकडे खाली केले. दादा लेकीकडे बघत होता. मी इतकी वर्षं जे झाकलं, ते भर रस्त्यात, तिच्या वर्गासमोर उघडं पडलं होतं.

"मग मी काय करतो म्हणून सांगितलंस?" त्यानं अगदी साध्या आवाजात विचारलं.

"शीतगृहात मॅनेजर."

त्यानं मान डोलावली. वाकून मातीतून भिंग उचललं, एप्रनला पुसायला गेला, एप्रनकडे बघून थांबला आणि तसंच सरांच्या शेजारी ठेवलं. ठिणगी रडत त्याच्याकडे सरकली तर तो दोन पावलं मागे हटला.

"लांब राहा," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. "गणवेश खराब होईल."

तिनं गणवेश घातलाच नव्हता. अंगात घरचा साधा झगा होता. ते त्याला दिसलं नाही, किंवा दिसूनही त्याला दुसरं काही बोलता आलं नाही. तो वळला आणि कत्तलखान्याच्या दारातून आत गेला. मला इतकं भरून आलं, आणि त्याच वेळी त्या पोरीच्या कानाखाली जाळ काढावा असंही वाटलं. दोन्हींतलं काहीच मी केलं नाही.

आजवर त्या दाराच्या आत तिनं पाऊल टाकलं नव्हतं. वर्गातली पोरं बघत होती, सर सुजलेल्या डोळ्यांनी बघत होते. तिनं नाक पुसलं, प्लास्टरचा हात पोटाशी धरला आणि बापाच्या मागोमाग आत शिरली. कत्तलखान्याची सुट्टी संपल्याची घंटा मघाच झाली होती. आत पुढचं जनावर आणलं होतं, आणि त्याच्या ओरडण्यावर कुणीतरी दार लोटून घेतलं.